अस्तरातलं गाणं

सातशे वर्षांपूर्वीच्या इंग्लंडात सकाळी फिरायला निघाला असता तर ज्याला चार माणसांनी ओळखीने हाक मारली असती, आणि आजच्या अमेरिकेतल्या चँडलर गावात मात्र ज्याला पाहून शेजारची कुत्रीसुद्धा मान तिरकी करून विचारात पडतात, असा माणूस पृथ्वीच्या पाठीवर एकच आहे, आणि तो माझ्या अक्काचा नवरा आहे. मी त्यांना दाजी म्हणतो. दाजी मूळचे सोलापूरचे. इथल्या चिपच्या कारखान्यात त्यांनी तीस वर्षं टेस्टिंगचं काम केलं. म्हणजे दुसऱ्याने बनवलेली वस्तू चालत नाही, हे सिद्ध करण्याचा पगार घेतला. निवृत्त झाल्यावर ब्लडप्रेशर वाढलं. डॉक्टर म्हणाले, श्वासाचे व्यायाम करा. अक्का म्हणाली, प्राणायाम करा. अक्का म्हणाली म्हणून दाजींनी ते करायचं नाही असं ठरवलं, जवळच्या कम्युनिटी कॉलेजात गेले आणि गाण्याच्या ज्या एकाच वर्गात जागा शिल्लक होती त्यात नाव घालून आले. जागा शिल्लक होती यातच सगळं आलं. तो वर्ग मध्ययुगातल्या इंग्रजी गाण्यांचा होता. एका माणसाने एकट्याने गायची गाणी, सुरांसकट फारच थोडी उरलेली, आणि भाषा अशी की आता खुद्द इंग्रजांनाही ती कोश उघडल्याशिवाय कळत नाही. दाजींचं ब्लडप्रेशर त्या दिवसापासून उतरलं आणि अक्काचं चढलं.

मी सहा वर्षांपूर्वी इथे आलो. बार्शीला वडिलांचं अंग लुळं पडलं तेव्हा मी आठवीतून उठून थेट शिलाईच्या मशीनवर बसलो, तो आजतागायत बसलेलाच आहे. अक्काने माझ्यासाठी इथे अर्ज भरला आणि तो मंजूर व्हायला इतकी वर्षं गेली, की अर्जावरच्या फोटोतला माणूस रस्त्यात भेटला असता तर मला काका म्हणाला असता. बायको बार्शीलाच आहे. आई अंथरुणावर असते, तिला हलवता येत नाही, आणि तिला सोडून बायकोला निघता येत नाही. मी इथे एका ड्राय क्लीनरच्या दुकानात आल्टरेशनचं काम करतो, अक्काच्या घरात मागच्या खोलीत राहतो, आणि घाबरतो. कशाला, असं विचारलं तर नीट सांगता येत नाही. टपालात पारदर्शक खिडकीचं सरकारी पाकीट आलं की मी ते न उघडताच अक्कापुढे ठेवतो. दुकानात गिऱ्हाईक एक वाक्य जास्त बोललं की मी टाचण्या शोधायला मागे जातो. ग्रीन कार्डाची झेरॉक्स मी पहिलं वर्षभर मोज्यात ठेवत होतो. या सगळ्या काळात दाजींनी मला एकदाही विचारलं नाही की तू पुढे का शिकला नाहीस. इथे आलेल्या बहुतेकांनी विचारलं. काहींनी तर दया दाखवून विचारलं. दाजींनी पहिल्या दिवशी माझी बॅग गाडीत ठेवली आणि विचारलं ते इतकंच, "तुला इंग्रजी कितपत येतं?"

"येत नाही, दाजी."

"अजिबात नाही?"

"अजिबात."

दाजींच्या चेहऱ्यावर असा आनंद पसरला की मला वाटलं, कोणीतरी मागून आलंय. "मग तू माझा श्रोता," ते म्हणाले. "ज्यांना आजचं इंग्रजी येतं ते शब्दाशब्दाला अडखळतात. तू नुसतं ऐकशील." आणि विमानतळाच्या पार्किंगमध्येच त्यांनी गायला सुरुवात केली. मला काही कळलं नाही. पण नंतर बँकेतली बाई बोलली तेही मला कळलं नाही, त्यामुळे दाजींच्या गाण्याबद्दल माझी वेगळी अशी तक्रार कधीच नव्हती.

दाजी गातात ते कसं, हे सांगायला हवं. साथीला काही नको, हा पहिला नियम. अक्काने मोबाइलवर तानपुरा लावून दिला तर म्हणाले, "या गाण्यांना साथ होती याला पुरावा काय?" पुरावा काय, हे दाजींचं आवडतं वाक्य आहे. आमटीत मीठ कमी आहे असं म्हटलं तरी ते आधी पुरावा मागतात. पण साथ नको म्हणणाऱ्या माणसाला सूर धरायला काहीतरी लागतंच, आणि दाजींना तो आधार स्वयंपाकघरातल्या जुन्या फ्रीजने दिला. तो फ्रीज एका सुरात घुमायचा. दाजी त्याला पाठ टेकून, डोळे मिटून उभे राहायचे आणि अक्काला कोथिंबीर हवी असली तर कडवं संपेपर्यंत थांबावं लागायचं. शेवटी तिने आवाज न करणारा नवा फ्रीज आणला. दाजी दोन दिवस जेवले नाहीत असं मी म्हणणार नाही, पण दोन दिवस त्यांनी दुसरी पोळी घेतली नाही. मग जुना फ्रीज गॅरेजमध्ये गेला. तो आजही तिथे चालू आहे, आत पाण्याच्या दोन बाटल्या आहेत आणि लाइटचं बिल अक्का दर महिन्याला त्यांच्यासमोर न बोलता ठेवते.

दुसरा नियम उच्चारांचा. आजच्या इंग्रजांनी जी अक्षरं नुसती लिहायची आणि बोलायची नाहीत असं ठरवलंय, ती सगळी दाजी बोलायला लावतात. सुरुवातीला मी इंग्रजी त्यांच्याकडून ऐकून ऐकूनच शिकायचा प्रयत्न केला. परिणाम असा झाला की दुकानातल्या एका म्हाताऱ्या गिऱ्हाइकाने मालकिणीला विचारलं, हा माणूस आइसलँडचा आहे का. माझी भाची, म्हणजे अक्काची मुलगी, इथेच जन्मलेली. फिनिक्सला प्राण्यांच्या दवाखान्यात काम करते आणि रविवारी आईकडे जेवायला येते. गाडीत दाजी गायला लागले की ती स्टिअरिंगवर कपाळ टेकते. "बाबा, प्लीज. नॉट इन द ड्राइव्ह-थ्रू." दाजी थांबत नाहीत. गाडीतूनच खाणं मागवायच्या त्या खिडकीतल्या पोराला वाटतं ही ऑर्डरच चाललीय. एकदा त्याने शांतपणे विचारलं होतं, त्याच्यासोबत फ्राइज हव्यात का.

मात्र दाजींचा खरा जीव एका गाण्यात. ते पहिल्यांदा मला नीट समजावून सांगितलं तेव्हा मी घरात इस्त्री करत होतो. गाणं जेमतेम आठ ओळींचं. एक बाई बोलतेय. तिचा माणूस दूर गेलाय. ती म्हणते, दाराला कडी घातलेली नाही. विस्तव राखेखाली झाकून ठेवलाय. मी निजलेली असताना तू आलास तर—

मी इस्त्री उभी केली. "तर?"

"तर काही नाही. पुढचं कातरलंय."

मग त्यांनी सांगितलं ते असं. ती गाणी कोणी वही करून लिहून ठेवलेली नव्हती. कोणाला तरी आठवलं, त्याने हाताशी आलेल्या चामड्याच्या पानावर लिहिलं, इतकंच. पुढे ती भाषा जुनी झाली, पान कोणाला नकोसं झालं, आणि एका पुस्तक बांधणाऱ्याने ते दुसऱ्याच पुस्तकाच्या पुठ्ठ्याला आतून चिकटवून टाकलं. "अस्तर म्हणून," दाजी म्हणाले. अस्तर म्हणून होतं म्हणून ते राहिलं. वर असतं तर झिजून गेलं असतं. पण बसवताना त्याने खालची कड कातरली आणि तिच्याबरोबर गाण्याचा शेवट गेला. मला त्या बांधणाऱ्याचा जो राग आला तो पुढे कितीतरी वर्षं गेला नाही. चांगल्या कापडाचं अस्तर करायची वेळ माझ्यावरही आलीय. पण त्यावर काही काढलेलं असेल, कशिदा असेल, तर कारागीर निदान बघतो तरी. डोळे मिटून कात्री चालवत नाही.

आणि जे उरलंय त्यातही एक गोम होती. "सूर किती उंच घ्यायचा ते लिहिलंय," दाजी म्हणाले, "पण किती वेळ धरायचा ते लिहिलेलं नाही. आज गाणारा जो तो आपापल्या मनाने ठरवतो."

"म्हणजे मापाच्या चिठ्ठीवर छाती लिहिली आणि उंची राहिली."

दाजी माझ्याकडे बघत राहिले. "असं झालं तर तू काय करतोस?"

"गिऱ्हाइकाला दुकानात चार पावलं चालायला लावतो. चालताना कळतं."

त्यानंतर दाजी तीन दिवस घरभर गात चालत होते. जिना, गॅरेज, मागचं अंगण, एकदा तर अक्काची भिशी चालू असताना बायकांच्या मधून. चौथ्या दिवशी त्यांना सापडलं, की स्वयंपाकघरातल्या चुलीपासून पुढच्या दारापर्यंत सावकाश चालत गेलं तर एक ओळ बरोबर बसते. "विस्तवापासून दारापर्यंत!" ते ओरडले. "अरे, ती बघायला जातेय." मी बघितलं तर त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. अक्का म्हणाली, "कांदा चिरलाय आत्ताच." आणि मग स्वतःच खिडकीबाहेर बघत उभी राहिली.

तर हे आठ ओळींचं गाणं दाजी जिथे पान संपतं तिथे थांबवतात. तिसरा नियम हाच. बाकीचे गाणारे पहिली ओळ परत गातात, कोणी गुणगुणत मिटवतात. दाजींच्या वर्गाच्या ज्या बाई, उंच, पांढऱ्या केसांच्या, लहान हार्प मांडीवर घेऊन शिकवणाऱ्या, त्यांनी तर स्वतः दोन ओळी रचून जोडल्या आहेत. दाजींना यातलं काहीही मान्य नाही. इथल्या मराठी मंडळींच्या गणपतीत त्यांना पाच मिनिटं मिळाली, तेव्हा त्यांनी तेच गाणं म्हटलं आणि "तू आलास तर" याच्यावर तोंड उघडं ठेवून थांबले. सभागृहाने वाट पाहिली. साउंडवाला तरुण धावत स्टेजवर आला आणि माइक ठोकून गेला. दाजी तसेच. पहिल्या रांगेतल्या एक मावशी उठल्या, पाण्याचा ग्लास घेऊन पायऱ्या चढल्या आणि म्हणाल्या, "प्या हो. होतं असं. शब्द विसरायचंच वय आहे आपलं." निवेदक नागपूरचा होता. त्याने जाहीर केलं, "काका आठवून घेतील तोवर लहान मुलांचा डान्स घेऊ." गाडीत बसल्यावर दाजी म्हणाले, "तुला काय वाटलं?"

"मला वाटलं, ती दाराशी उभी आहे."

"बास," दाजी म्हणाले. "एक माणूस पुरतो."

मागच्या वर्षी जुलैत इथे धुळीचं मोठं वादळ आलं. समोरून डोंगर चालत यावा तशी तपकिरी भिंत येते. लोक खिडक्या लावून घरात बसतात. दाजी बाहेर गेले. मागच्या कुंपणाच्या भिंतीवर वारा आपटला की एक सूर लागतो आणि तो फ्रीजपेक्षा शुद्ध असतो, असा त्यांचा शोध होता. अक्का काचेवर मुठी आपटत होती आणि हा माणूस त्या धुळीत आ वासून चुलीपासून दारापर्यंतची ती ओळ गात होता. दोन आठवड्यांनी ताप आला. मग खोकला. इथल्या मातीत एक बुरशी असते, ती छातीत गेली की होतो त्याला व्हॅली फीवर म्हणतात. कित्येकांना तो होऊन गेलेला कळतही नाही. दाजींना कळला. पुढचे कितीतरी महिने ते सोफ्यावर होते. खांदे उतरले, गळ्याशी शर्टाची कॉलर लोंबायला लागली. डॉक्टर म्हणाले, औषध लागू पडतंय, पण फुप्फुसावर व्रण राहील, पूर्वीइतका दम परत येईलच असं सांगता येत नाही. अक्का हे ऐकून स्वयंपाकघरात गेली. दाजींनी मला खूण करून जवळ बोलावलं आणि एक ओळ म्हणून दाखवली. चुलीपासून दारापर्यंत जाणारी ओळ आता जेवणाच्या टेबलापाशीच थांबत होती.

"मला ते एकदा पूर्ण म्हणायचं होतं," ते म्हणाले. एवढंच. मी त्यांची लोंबणारी कॉलर सरळ केली.

त्याच दिवसांत एकदा त्यांना ते पान बघायचं होतं. इंग्लंडातल्या ज्या ग्रंथालयात ते पुस्तक आहे, त्यांनी पानाचा फोटो वेबसाइटवर ठेवलाय. लॅपटॉप पोटावर पेलवत नव्हता म्हणून भाचीने तो फोटो भिंतीवरच्या मोठ्या टीव्हीवर लावून दिला. पान दाराएवढं झालं. मी इतकी वर्षं ते गाणं ऐकत होतो, पान पहिल्यांदाच बघत होतो. वाचता येण्याचा प्रश्नच नव्हता. मी आपला कड बघत बसलो, सवयीने. बाजूच्या कडा कातरलेल्या होत्या, धार सरळ, चामड्याचा पांढरट गाभा दिसत होता. खालची कड तशी नव्हती. ती गोल होती. तिच्या पोटाशी बारीक सावली होती आणि एका कोपऱ्यात चुणी पडली होती.

"दाजी," मी म्हणालो, "ही खालची कड कातरलेली नाही."

"सगळ्यांनी तसंच लिहिलंय. कातरलेली."

"लिहिलं असेल. कातरलेल्या कडेला असं पोट येत नाही. हे दुमडलंय. पँट आखूड करताना आपण आत घालतो तसं. त्याला पान लांब पडलं, त्याने कापलं नाही, खाली दुमडून चिकटवलं."

दाजी उठून बसले. गेल्या तीन महिन्यांत ते आधाराशिवाय पहिल्यांदा उठून बसले होते. "पुरावा काय?"

मी माझी कामाची पँट आणून त्यांच्या मांडीवर ठेवली. एक पाय कातरून दिला, एक दुमडून दिला, आणि मोबाइलच्या उजेडात दोन्ही सावल्या दाखवल्या. दाजी एकदा पँटकडे, एकदा टीव्हीकडे बघत होते. भाची म्हणाली, "ओ माय गॉड, मामा." मला भीतीच वाटली. माझ्यासारख्याने इतक्या शिकलेल्या लोकांचं चुकलं म्हणायचं आणि उद्या त्यावरून काही लफडं झालं तर? माझ्या कागदपत्रांवर काही आलं तर? दाजी म्हणाले, "गप. बोट नेमकं कुठे ठेवलं होतंस ते दाखव."

ग्रंथालयाला दाजींनी जी मेल लिहिली ती अकरा पानांची होती. भाचीने ती एका पानावर आणली आणि सोबत माझ्या पँटचा फोटो जोडला. तीन आठवड्यांनी उत्तर आलं. दाजींनी ते मला मराठीत वाचून दाखवलं. तुमचं म्हणणं बरोबर दिसतं. आम्ही पुस्तक पुन्हा तपासलं. खाली बोटभर रुंदीचा भाग दुमडलेला आहे. परंतु तो उकलायचा तर डिंकाबरोबर शाई निघून येण्याचा धोका आहे. पुस्तकाच्या बांधणीची दुरुस्ती जेव्हा केव्हा करावी लागेल, तेव्हा हा भाग अवश्य पाहू. सध्या पुस्तक उत्तम स्थितीत आहे.

"म्हणजे," दाजी म्हणाले, "पुस्तक बिघडायची वाट बघायची. एका निरोगी पुस्तकाचं वाईट चिंतायची पाळी आली माझ्यावर." ते हसले, मग खोकला आला, मग बराच वेळ तो थांबला नाही.

रविवारी सकाळी सात वाजता मी बार्शीला फोन करतो. तिथे तेव्हा संध्याकाळचे साडेसात, आईचं जेवण उरकलेलं असतं. बायकोला दाजींच्या गाण्याची सगळी हकीकत माहीत आहे. मला सांगायला दुसरं असतं काय? दुकानात पँटच्या झिपा बदलल्या, एवढंच. मी तिला पत्राचं सांगितलं. म्हटलं, शेवट आहे, पण दुमडलेला आहे, कधी उघडेल सांगता येत नाही.

"त्यात उघडायचंय काय?" ती म्हणाली. "मी निजलेली असताना तू आलास तर मला उठव. दुसरं काय असणार?"

"कशावरून?"

"कशावरून म्हणजे? विसरलात का मागच्या खेपेला काय केलं ते?"

विसरलो नव्हतो. दोन वर्षांपूर्वी गेलो तेव्हा गाडीने मला पहाटेच बार्शीला सोडलं. दार नुसतं लोटलेलं होतं. आत बायको आईच्या कॉटला डोकं टेकून बसल्या बसल्या झोपली होती. रात्रभर जागली असेल, मला उठवावंसं वाटलं नाही. मी बॅग घेऊन पायरीवर बसलो, उजाडल्यावर पेपर आला तो वाचला. ती उठून बाहेर आली आणि मला बघून दुपारपर्यंत एक शब्द बोलली नाही. दुपारी ताट वाढताना म्हणाली, "चार वर्षं मी वाट बघायची आणि तुम्ही पायरीवर बसून पेपर वाचायचा?"

हे मी दाजींना सांगितलं. म्हटलं, तुमच्या पुराव्यात बसत नाही, पण बायको असं म्हणते. दाजींनी ऐकून घेतलं. त्यांची एक वही आहे, तिच्यात या गाण्याबद्दल कोणी काय काय म्हटलंय, कोणत्या ओळीचा कोणाचा पाठ कोणता, ते टाचणी लावल्यासारखं टिपलेलं असतं. त्यात त्यांनी पेन्सिलीने लिहिलं आणि मला वाचून दाखवलं: "बार्शीपाठ. पुराव्याचा आधार नाही." मग खोडरबर घेतलं, थोडा वेळ हातात धरलं आणि ठेवून दिलं.

एप्रिलमध्ये हार्पवाल्या बाईंच्या मंडळींचा कार्यक्रम होता. एका लहान चर्चचं सभागृह, लाकडी बाकं. दरवर्षी असतो, दाजींना त्यांनी कधी घेतलं नव्हतं, कारण बाईंचं म्हणणं, गाणं अर्धं सोडलं तर श्रोत्यांवर अन्याय होतो. या वेळी बाई स्वतः घरी आल्या, सोफ्याजवळ खुर्ची ओढून बसल्या आणि म्हणाल्या, जिथे दुमडलंय तिथे थांबा. दाजी हो म्हणाले. मग अक्काकडे बघून म्हणाले, "दम पुरला तर."

निवृत्तीच्या समारंभाला शिवलेला निळा कोट त्यांना घालायचा होता. अंगावर चढवला तर तो दाजींचा नव्हताच, त्यांच्या थोरल्या भावाचा वाटत होता. छातीत दोन्ही बाजूंनी दीड-दीड इंच घ्यावा लागला. मी टाचण्या लावत होतो तेव्हा अक्का म्हणाली, "जास्तीचं कापून टाक, फुगतं नाहीतर. आता कुठे परत..." आणि टाचण्यांची डबी माझ्याकडे सरकवली. मी कापलं नाही. सगळं कापड आत दुमडलं, वाफेची इस्त्री देऊन बसवलं आणि लांब टाके घातले. फुगलं थोडं. फुगू दे म्हटलं.

कार्यक्रमाच्या दिवशी मी शेवटच्या बाकावर, दाराजवळ बसलो. मला दार जवळ असलेलं बरं वाटतं. हार्पवाल्या बाईंनी आधी प्रस्तावना केली. मला त्यातले दोनच शब्द कळले, एक "टेलर" आणि एक "बार्शी". बार्शीतला र त्यांना जमत नव्हता म्हणून दाजींनी फोनवर तीन दिवस तालीम दिली होती, हे अक्काने नंतर सांगितलं. माणसं मागे वळून बघायला लागली. कोणी टाळ्या वाजवल्या. आठवी सोडल्यापासून माझ्यासाठी कोणी टाळ्या वाजवल्याचं मला आठवत नाही. मी बुटांकडे बघत राहिलो. डाव्या बुटाची लेस सैल झाली होती.

मग दाजी उभे राहिले. आवाज पूर्वीचा नव्हता. पूर्वी एका दमात दारापर्यंत जाणारी ओळ आता मध्ये दोनदा थांबत होती. पण त्या थांबण्याच्या जागा त्यांनी अशा निवडल्या होत्या की वाटावं, ती बाईच थांबतेय. विस्तवापासून उठली, चार पावलं गेली, काही वाजलं का म्हणून कान दिला, पुन्हा निघाली. दाराला कडी नाही. विस्तव झाकलाय. मी निजलेली असताना तू आलास तर. आणि दाजी थांबले. तोंड उघडं. सभागृहात कोणी हललं नाही. कोणी पाणी घेऊन उठलं नाही. मला एवढंच दिसत होतं, की दाजींची छाती आत दुमडलेल्या कापडासकट वर आली, आणखी काही म्हणायचं असल्यासारखी, आणि हळूहळू खाली गेली.

परतताना अक्का गाडी चालवत होती. दाजी पुढच्या सीटवर डोळे मिटून होते. मला वाटलं झोपले. सिग्नलला गाडी थांबली तेव्हा ते म्हणाले, "तुझ्या बायकोला सांग, तिने माझी पंचाईत केली."

"काय झालं, दाजी?"

"इतकी वर्षं मी तिथे थांबत होतो, कारण पुढे काही नव्हतं. आज पुढचं तोंडात आलं होतं. गिळावं लागलं."

"मग म्हणायचं की," अक्का म्हणाली. "कोण धरणार होतं तुम्हाला तिथे?"

"पुरावा नाही," दाजी म्हणाले. पण म्हणण्यात पूर्वीचा जोर नव्हता.

आता ते रोज सकाळी गॅरेजमध्ये जाऊन जुन्या फ्रीजला पाठ टेकून उभे राहतात. सुरुवातीला दोन मिनिटं, आता सात-आठ. अक्का बाहेर कपडे वाळत घालत उभी असते; ड्रायर घरात आहे, तरी. ग्रंथालयाकडून काही आलेलं नाही. पुस्तक उत्तम स्थितीत असेल. डिसेंबरात मी बार्शीला जाणार आहे, तिकीट काढलंय, गाडी याही वेळी पहाटेच पोचते. बायकोला सांगितलं, या खेपेला उठवतो. ती म्हणाली, "बघू."

आणि दर महिन्याच्या पहिल्या रविवारी दाजी माझ्या खोलीत येतात, हात आडवे करून उभे राहतात आणि म्हणतात, "मोज." मी टेप लावतो. ते श्वास घेतात, धरतात, माझ्या तोंडाकडे बघतात. चार महिने आकडा तोच होता. मी तो मोठ्याने सांगत नव्हतो, तेही विचारत नव्हते. परवा मोजलं तेव्हा पाव इंच जास्त भरला. मी टेप सरळ करून पुन्हा मोजलं. पाव इंचच. पाव इंचासाठी कोणताही शिंपी कोट उसवत नाही. कोणी आणला तर मी स्वतः त्याला सांगेन, उगाच खर्च करू नका, चालेल असाच. दाजी खोलीतून बाहेर गेल्यावर मी कपाटातून तो निळा कोट काढला, खिडकीपाशी बसलो आणि एका बाजूचे टाके उसवले.